डोर काउंटीच्या सहलीबद्दल आपल्या मंडळाला खुलं पत्र

मंडळाच्या सहल समितीतल्या सगळ्या ताई-दादांना,

नमस्कार. ग्रुपवर पोल टाकलाय की यंदाही जुलैची सहल विस्कॉन्सिनमधल्या डोर काउंटीलाच न्यायची, दीडशे माणसं, एक बस आणि बाकीच्या गाड्या, आणि "तेच मागच्या वर्षीचं पार्क, फुकट आहे, मस्त आहे". मी "नाही" वर टिक केलं आणि लगेच तिघांनी विचारलं की काय झालं, तुला तर डोर काउंटी किती आवडते. आवडते म्हणूनच नाही म्हटलं. ग्रुपवर चार ओळीत सांगण्यासारखं नाहीये, म्हणून इथे सविस्तर लिहितेय, आणि उघड लिहितेय कारण शिकागो-मिलवॉकी पट्ट्यातली बाकीची मंडळंही उन्हाळ्यात तिकडेच जातात, त्यांनीही वाचलं तर बरंच.

आधी मागच्या वर्षीचं. नावं घेत नाही, कोणाला दोष द्यायचा म्हणून लिहीत नाहीये, त्यात मीही होतेच. आपण गेलो, झाडाखाली टेबलं जोडली, कोळशाच्या ग्रिलवर पनीर, मक्याची कणसं भाजली, स्पीकर लावला, अंताक्षरी झाली, दिवस खरंच छान गेला. पाच वाजता बसवाला घाई करायला लागला. तेव्हा कोणीतरी ग्रिलमधले कोळसे एका सीडरच्या झाडाच्या बुंध्याशी ओतले आणि वरून अर्धी बाटली पाणी टाकलं. मी पिशव्या उचलत होते, मला वास आला म्हणून मागे वळून बघितलं तर खालची वाळलेली पानं हळूहळू काळी पडत चालली होती, ज्वाळा नाही, नुसती एक लाल रेघ सरकत होती पुढे. मी आणि अजून एक दादा, आम्ही कूलरमधलं वितळलेलं बर्फाचं पाणी सगळं ओतलं, पायाने माती ओढली, मग विझलं. पाच मिनिटं पण लागली नाहीत. बसमधल्यांना कळलंही नाही.

कचऱ्याचे दोन डबे होते तिथे, ते आपल्या थाळ्यांनीच दुपारी दोनला भरले. मग पिशव्या डब्याशेजारी ठेवल्या, नीट गाठी मारून ठेवल्या हे खरं, पण रात्री रॅकून नावाचे प्राणी येतात आणि ते गाठ सोडत बसत नाहीत, पिशवीच फाडतात. निघताना एक म्हातारी बाई आली, सत्तरीची असेल, हातात चिमटा आणि बादली, ती तिथलीच, शनिवार-रविवारी येऊन साफ करते म्हणाली. मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, काही नाही, तुम्ही मजा केलीत ना. मला तिथे रडू यायचं बाकी होतं.

कारण ती बाई मला माहितीये. म्हणजे ती नाही, पण तिच्यासारखी. मी श्रीवर्धन तालुक्यातली. दिवेआगर, हरिहरेश्वर, आमच्याकडे शनिवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या यायच्या आणि रविवारी रात्री जायच्या, आणि सोमवारी सकाळी गावातली माणसं किनाऱ्यावर झाडू घेऊन. माझी आजी चहा पिऊन पहिलं काम ते करायची, बाटल्या, चिप्सची पाकिटं, कधी फुटलेली काच. चिडायची नाही फार, पण एक वाक्य नेहमी म्हणायची, "पाहुणे आहेत, पण गाव बघायला येतात की गाव वापरायला?" तेव्हा आपण गावकरी होतो. आता इथे आपण शनिवारच्या गाड्या झालोय. हे मला मागच्या जुलैपासून सतत खुपतंय.

आता ज्यांना डोर काउंटी म्हणजे फक्त चेरी आणि फिश बॉइल (तिथलं उकडलेल्या माशांचं जेवण) एवढंच माहितीये त्यांच्यासाठी थोडं सांगते. विस्कॉन्सिनच्या नकाशात उजवीकडे जो अंगठा बाहेर आलाय तो हा. एका बाजूला ग्रीन बे नावाची खाडी, दुसऱ्या बाजूला लेक मिशिगन. पूर्ण काउंटीत कायमची राहणारी माणसं साधारण ३० हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी. आणि उन्हाळ्यात येतात लाखो. काउंटीची स्वतःची पार्क्स डझनभराहून जास्त आहेत, बहुतेक लहान, आणि त्यात शिरायला पैसे पडत नाहीत, बोट पाण्यात उतरवायची असेल तर फी आहे. स्टेट पार्क वेगळी, त्याला गाडीवर स्टिकर लागतो आणि इलिनॉयची नंबरप्लेट असेल तर जास्त पैसे. दोन्ही एकच समजून दरवर्षी गेटवर गोंधळ होतो आपला, म्हणून मुद्दाम सांगितलं.

फुकट आहे म्हणजे कोणीतरी भरतंय. त्या ३० हजार लोकांच्या टॅक्समधून गवत कापलं जातं, संडास साफ होतात, पडलेलं झाड उचललं जातं. आपल्या गावात ग्रामपंचायतीची घरपट्टी भरणारा कोण आणि किनाऱ्यावर भेळ खाणारा कोण, तसंच आहे हे.

आणि ही पार्क्स आपोआप राहिलेली नाहीत. बेलीज हार्बरची गोष्ट बघा. तिथे जुन्या दीपगृहाची जागा होती, ४० एकर, केंद्र सरकारने ती काउंटीला पार्क करायला दिली. १९३७ मध्ये काउंटीच्या पार्क कमिशननेच ठरवलं की तिथे ट्रेलर पार्क करू, गाड्या लावायला, राहायला सोय, पर्यटक येतील. हेतू वाईट नव्हता, मंदीचा काळ होता. पण ती जागा म्हणजे वाळूच्या जुन्या किनाऱ्यांच्या एकामागे एक रांगा, मधे पाणथळ, तिथे रानऑर्किड आणि ती बुटकी निळी आयरिस. गावातल्या काही लोकांनी विरोध केला, त्यात जेन्स जेन्सन होते, मूळ डेन्मार्कचे, शिकागोची मोठमोठी उद्यानं ज्यांनी घडवली ते, म्हातारपणी तिकडे एलिसन बेला येऊन राहिले होते. सभा झाल्या, भांडणं झाली, आणि त्याच वर्षी रिजेस सँक्च्युअरी हे राखीव रान उभं राहिलं. आज तिथे ओल्या जमिनीवरून लाकडी पायवाट आहे. मी हे मुद्दाम लिहिलं कारण सोय करायची म्हणजे काय आणि किती करायची यावर तिथली माणसं ऐंशी-नव्वद वर्षं विचार करतायत, आणि आपण दीडशे जण जाऊन म्हणतो की इथे मोठं शेल्टर, म्हणजे बसायला छप्पर, का नाही, पार्किंग एवढंच का.

सगळ्यात लाडकं आपलं ते केव्ह पॉइंट. ते काउंटीचं पार्क आहे आणि आकार किती, तर जेमतेम १९ एकर. सगळ्या बाजूंनी व्हाइटफिश ड्यून्स स्टेट पार्क आणि समोर लेक मिशिगन. डोलोमाइटचा खडक, चुनखडीच्याच जातीचा, ज्या कड्यावरून नायगारा पडतो तोच कडा जमिनीखालून-वरून फिरत इथपर्यंत आलाय. लाटांनी तो खालून खाऊन खाऊन गुहा केल्यात. वारा पूर्वेचा असला की पाणी आत घुसतं आणि पायाखाली धप्प आवाज होतो, छातीत जाणवतो. माझी आई मागच्या वर्षी तिथे उभी राहिली, डोळे मिटले आणि म्हणाली, "हे तर हरिहरेश्वर गं. प्रदक्षिणेच्या वाटेवर असाच घुमतो समुद्र." खरंच तसंच आहे, तिकडे पण देवळामागून खाली उतरलं की लाटांनी कोरलेला, जाळी जाळी झालेला खडक. खारा वास तेवढा नाही इथे.

पण जे गाववाल्यांना तिकडे माहिती असतं ते इथे आपल्याला माहिती नसतं. हरिहरेश्वरला भरतीच्या वेळी त्या वाटेवर जायचं नाही हे आम्हाला लहानपणापासून दरडावून सांगितलेलं, अधूनमधून कोणीतरी बाहेरचा माणूस ऐकत नाही आणि लाट घेऊन जाते. केव्ह पॉइंटला सगळीकडे कठडा नाही. जिथे उभं राहून फोटो काढतो त्याच्या खाली पोकळ आहे, तीच तर गुहा. खडक ओला असला की शेवाळामुळे साबणासारखा. आणि लेक मिशिगनच्या त्या बाजूचं पाणी जूनमध्येसुद्धा इतकं गार असतं की पोहता येणाऱ्याचाही श्वास अडकतो. लाइफगार्ड नाही. मागच्या वर्षी आपल्यातलं एक सात वर्षांचं पोर कड्याच्या दिशेने पळत सुटलं आणि त्याचे बाबा पाठ करून रील काढत होते. एका काकूंनी शर्टाची कॉलर पकडली. त्या काकूंना अजून कोणी नीट थँक्यू म्हटलेलं नाही, मी इथे म्हणते.

बाजूच्या व्हाइटफिश ड्यून्सचा बीच सुंदर आहे, पण तिथे पाणी आत ओढणारे प्रवाह असतात, तसे बोर्डही आहेत. वाचत जा हो बोर्ड.

बरं, संडास. यावर कोणी लिहीत नाही पण आमच्या आईसारख्या बायकांचा अख्खा दिवस यावर अवलंबून असतो. लहान पार्कांमध्ये बहुतेक वेळा खड्ड्याचे संडास असतात, फ्लश नाही, नळ नाही, भिंतीवर सॅनिटायझर असला तर असला. तिथल्या हिशोबाने ते बरोबर आहे, पाण्याची लाइन नाही, हिवाळ्यात सगळं गोठतं. पण आपल्या आई-वडिलांना पाण्याशिवाय चालत नाही, आणि ते बोलत नाहीत. माझी आई मिलवॉकीहून निघाल्यापासून पाणी प्यायलीच नाही, घोट घोट घेऊन ओठ ओले करत होती, कारण "तिथे कसं असेल कोण जाणे". चार वाजता डोकं धरून बसली. मी तिला ओरडले, आणि मग कळलं की चूक माझी, आमची, सगळ्या समितीची, कारण सहलीच्या मेसेजमध्ये मेनू होता, खेळ होते, टी-शर्टचा साइज होता, संडास कसा आहे हे नव्हतं. एवढी एक ओळ टाकली असती तरी पुरे होतं. स्टर्जन बेला शहरात थांबून सगळ्यांनी फ्लशवाल्या ठिकाणी जाऊन यायचं, बसमध्ये पाण्याचा एक कॅन, दोन मग आणि साबण ठेवायचा. माझ्याकडे कॅन आहे, मी देते.

आणि बसायला पाठ असलेल्या खुर्च्या. पार्कातली लाकडी टेबलं-बाकं जोडलेली असतात, त्यात पाय उचलून आत घालावा लागतो, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने तो पाय कसा उचलायचा? गेल्या वेळी तीन काका दिवसभर बसमध्येच बसले, एसी लावून. इंडियाहून सहा महिन्यांसाठी आलेली माणसं, मुलं दिवसभर ऑफिसात, यांना गाडी येत नाही, बाहेर पडायचा हा एक दिवस, आणि तो बसमध्ये.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की दीडशेची सहल डोर काउंटीला न्यायचीच नाही. दीडशेची करायची तर इथे मिलवॉकीजवळ मोठं पार्क घ्या, जिथे मोठी शेल्टर्स आहेत, नळ आहेत, डबे रोज रिकामे होतात. डोर काउंटीला जायचं तर पंचवीस-तीस जणांचे गट करा, वेगवेगळ्या शनिवारी, आणि पहिला गट आजी-आजोबांचा, त्यांच्याबरोबर फक्त गाडी चालवणारे आणि दोन-चार तरुण हात. तरुण मंडळी हायकिंग कधीही जाऊन येतील.

त्या पहिल्या गटाला केव्ह पॉइंटला अर्धा तास, तेवढंच, लांबून आवाज ऐकायचा. मग पलीकडच्या बाजूला, एग हार्बरजवळ फ्रँक मर्फी काउंटी पार्क. ते ग्रीन बेच्या खाडीवर आहे, त्या बाजूचं पाणी उथळ आणि जरा कोमट, वाळूचा किनारा आहे, गवत आहे, छप्पर आहे, मुलांना घसरगुंडी-झोपाळे. आईला कड्यापेक्षा हे आवडेल, पायात चप्पल काढून घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहता येईल. मी खात्रीने सांगते की आपल्यातल्या निम्म्या लोकांना हे पार्क माहिती नाही कारण त्याचे रील नाहीत. ज्यांना उंचावरून सूर्यास्त बघायचाय त्यांना एलिसन ब्लफ, तिथे कड्यावर लाकडी गॅलरी आहे, कठडा आहे, बिनधास्त उभं राहता येतं.

आणि एक स्टेट पार्कातली गोष्ट सुचवते, स्टिकरचे पैसे देऊनसुद्धा. पेनिन्सुला स्टेट पार्कात ईगल टॉवर आहे. आधीचा लाकडी मनोरा १९३२ चा होता, २०१५ मध्ये लाकूड कमजोर झालं म्हणून बंद केला, पुढच्या वर्षी उतरवला. मग लोकांनी वर्गणी काढली, सरकारनेही पैसे घातले, आणि २०२१ मध्ये नवा उभा राहिला, ६० फूट उंच. पण नव्यात त्यांनी जिन्याबरोबर ८५० फुटांचा एक रॅम्प केला, झाडांच्या शेंड्यांमधून वळत वळत जाणारा, अगदी हलका चढ. व्हीलचेअर वरपर्यंत जाते. मी मे महिन्यात आईला घेऊन गेले होते, आम्ही दोघीच. ती मधे मधे थांबत, कठड्याला हात लावत, मेपलची पानं हाताच्या अंतरावर बघत गेली. वर पोचल्यावर खाली खाडी, बेटं, पांढऱ्या शिडाच्या होड्या. आयुष्यात पहिल्यांदा रायगडावर रोपवेने गेली होती तेव्हा जशी गप्प झाली होती तशी गप्प झाली. शेजारी एक अमेरिकन आजोबा व्हीलचेअरवर होते, दोघं एकमेकांकडे बघून हसले, भाषा काही लागली नाही. आपल्या बसमधल्या तीन काकांना तिथे न्यायचंय मला.

आता आगीचं पुन्हा, कारण मनातून जात नाही. ग्रीन बे शहराहून स्टर्जन बेकडे जाताना ५७ नंबरच्या हायवेला लागून काउंटीचंच एक छोटं पार्क आहे, टोर्नॅडो मेमोरियल, नाव वादळाचं पण आठवण आगीची. आपली बस दरवर्षी त्याच्या समोरून जाते. तिथे विल्यमसनव्हिल नावाचं गाव होतं, लाकडाच्या कारखान्याचं. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री, शिकागो जळलं त्याच रात्री, विस्कॉन्सिनमधल्या पेश्टिगो गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महाआगीत हे गाव गेलं. सत्तर-पंच्याहत्तर वस्तीतली ६० च्या आसपास माणसं गेली, काही जण विहिरीत उतरून वाचले. उन्हाळा कोरडा गेलेला, रान साफ करायला आणि रस्ता मोकळा करायला लावलेल्या लहान लहान आगी ठिकठिकाणी धुमसत होत्या, आणि त्या रात्री वारा सुटला. एवढंच. मला ती सीडरखालची लाल रेघ आठवते आणि हे आठवतं. कोळसा पूर्ण पाण्यात बुडवायचा, हाताला गार लागेपर्यंत ढवळायचा, आणि मगच जिथे सांगितलंय तिथे टाकायचा, नाहीतर पत्र्याच्या डब्यात घालून घरी न्यायचा. किंवा सरळ गॅसची शेगडी, आधी विचारून. किंवा थेपले, दडपे पोहे, दही-भात नेला तर काय बिघडतं? आमच्या लहानपणी सहलीला कोणी काही भाजत नव्हतं.

बाकी पटापट सांगते. मे-जुलैमध्ये गवतात टिक, म्हणजे गोचिडी, असतात, लाइम नावाचा आजार देतात, पायमोजे पँटवर चढवा, रात्री मुलांच्या काखा, गुडघ्यामागे, केसात बघा. तीन पानांच्या चकचकीत झुडपाला हात लावू नका, पॉइझन आयव्ही. स्पीकर नकोच, लोक शांततेसाठी तिथे येतात, आणि अंताक्षरीला स्पीकर कशाला लागतो, आपले आवाज आहेत. वॉशिंग्टन आयलंडला फेरीने गेलात तर स्कूलहाउस बीचवरचे गुळगुळीत पांढरे दगड उचलू नका, दंड आहे, आणि मला माहितीये की शाळिग्रामासारखे गुळगुळीत लागतात म्हणून आपल्या आज्या पर्समध्ये टाकतात. त्यांना आधीच प्रेमाने सांगा.

आणि पैशाचं. सहलीतून दरवर्षी थोडे उरतात, ते दिवाळी कार्यक्रमात घालतो. यंदा ते तिकडे ज्या कोणी स्थानिक संस्था पार्कांसाठी काम करतात त्यातल्या एकीला देऊ, कुठली ते ठरवू मिळून. शिवाय प्रत्येक गटाने निघायच्या आधी अर्धा तास पिशव्या घेऊन फिरायचं, आपला कचरा आणि आपला नसलेला पण, आणि सगळा बसमध्ये घालून घरी आणायचा. डब्यात नाही, घरी. आपण वारीत नसलो तरी वारी गेल्यावर गाव कसं साफ करतात ते टीव्हीवर बघून शेअर करतोच ना.

हे सगळं करायला माणूस लागेल, तर मी तयार आहे. पहिल्या गटाची जबाबदारी माझी. काउंटीच्या पार्क खात्याला फोन करून मर्फी पार्कचं छप्पर मिळेल का, किती माणसं चालतील, कोळसा चालतो का, हे मी या आठवड्यात विचारते. पाठवाल्या दहा फोल्डिंग खुर्च्या जमवायच्या आहेत, ज्यांच्या गॅरेजमध्ये असतील त्यांनी सांगा. आई ऑगस्टच्या २० तारखेला परत जातेय, तिच्याबरोबर अजून दोघी-तिघी त्याच सुमारास जातायत, म्हणून त्याआधीचा कुठलाही शनिवार, चेरी लागलेल्या असल्या तर उत्तमच. बुकिंग मंडळाच्या नावावर करू की माझ्या, तेवढं गुरुवारच्या मीटिंगच्या आत कळवा.

तुमचीच,
श्रीवर्धनची, सध्या मिलवॉकीजवळ राहणारी, मंडळाची एक सभासद